ग्रंथ आवडला, म्हणून त्यांनी काय केले?



तुमचा आवडता ग्रंथ कोणता, आवडता ग्रंथकार कोण, असे अलीकडे पुष्कळ ठिकाणी विचारले जाते. कोणी ज्ञानेश्वरीचे नाव घेतो, कोणी गाथेचे, कोणी भक्तविजयाचे. ऐकून बरे वाटते. दोघे वाचक भेटले आणि आपापल्या आवडीचे ग्रंथ एकमेकांस सांगू लागले, तर तोही एक सत्संगच होय.

परंतु सज्जनहो, आपल्या संप्रदायाचा इतिहास पाहिला तर एक गोष्ट ठळकपणे दिसते. ग्रंथ आवडला एवढे सांगून आपले पूर्वज थांबले नाहीत. आवडला म्हणून त्यांनी काही केले. कोणी तो लिहून घेतला, कोणी शुद्ध केला, कोणी तो पाठ करून चार गावे पायी जाऊन ऐकवला, कोणी त्यासाठी घरच्यांचा मार सोसला. ग्रंथकारांची चरित्रे आपण कीर्तनात नेहमी ऐकतो. त्या ग्रंथांवर प्रेम करणाऱ्या वाचकांची हकीकत मात्र क्वचित कोणी सांगतो. आज ती सांगावी असे मनात आहे.

सुरुवात नेवाशापासून करू. शके १२१२ मध्ये, म्हणजे इसवी सन १२९० साली, प्रवरेच्या काठी श्रीज्ञानोबारायांनी गीतेवर टीका केली. माउली बोलत होत्या आणि सच्चिदानंदबाबा लिहीत होते. ग्रंथाच्या शेवटी शकाच्या उल्लेखाबरोबरच या लेखकाचेही नाव आले आहे. येथे लेखक म्हणजे लिहून घेणारा, हे तरुण वाचकांनी ध्यानात ठेवावे. रचणारा तो ग्रंथकर्ता आणि लिहिणारा तो लेखक, असा जुना अर्थ आहे. आता विचार करा, नऊ हजारांच्या आसपास ओव्या ज्याच्या कानांतून बोरूत उतरल्या, तो माणूस ज्ञानेश्वरीचा पहिला श्रोता झाला आणि पहिला वाचकही झाला. माउलींनीही आपल्या आधीच्यांचे ऋण लपवले नाही. आपण व्यासांच्या मागून चाललो आणि भाष्यकारांकडून दिशा समजून घेतली, अशा अर्थाची नोंद त्यांनी अठराव्या अध्यायात करून ठेवली आहे. म्हणजे आवडत्या ग्रंथकाराचे नाव घेण्याची रीत मराठीत ज्ञानेश्वरीइतकी जुनी आहे.

जनाबाईंच्या नावावर एक अभंग आहे. कीर्तनात तो फारसा येत नाही, पण इतिहासाच्या दृष्टीने त्याचे मोल मोठे आहे. कोणत्या संताचे बोल कोणी लिहून ठेवले, याची त्यात यादीच आहे. ज्ञानोबारायांचे चिदानंदबाबांनी, निवृत्तिनाथांचे सोपानदेवांनी, मुक्ताईंचे स्वतः ज्ञानदेवांनी, सावता महाराजांचे काशिबा गुरवाने आणि चोखोबारायांचे अनंतभटाने लिहिले, असे तो अभंग सांगतो. हे शेवटचे नाव वाचताना मी दर वेळी थांबतो. ज्या चोखोबांना देवळाच्या पायरीवर अडवले, त्यांचे शब्द एक भट मांडी घालून उतरून घेत होता! आवड जातीची विचारपूस करीत नाही, याचा याहून चांगला दाखला शोधून सापडायचा नाही. आणि यादीच्या अखेरीस आपल्या जनीचे काय? तिचे बोल कोणी लिहिले? तर प्रत्यक्ष पांडुरंगाने. दळण-कांडण करणाऱ्या बाईला लेखक कुठून मिळणार, हा प्रश्न त्या काळच्या लोकांना पडला होता आणि त्यांनी त्याचे उत्तर भावाने दिले होते, इतके तरी यावरून निश्चित समजते.

नामदेवरायांची आवड तर पंजाबात पोहोचली. गुरुदासपूर जिल्ह्यातील घुमान हे गाव आजही त्यांच्या नावाने ओळखले जाते. नामदेवरायांनी देह ठेवला तो १३५० साली. त्यानंतर अडीचशेहून अधिक वर्षांनी, १६०४ साली, पाचवे गुरू अर्जुनदेव यांनी आदिग्रंथ सिद्ध केला, तेव्हा आपल्या परंपरेतील गुरूंच्या वाणीबरोबर कबीर, रविदास, शेख फरीद यांची वाणी त्यांनी आदराने घेतली आणि नामदेवांची ६१ पदेही घेतली. लेखनाचे काम भाई गुरुदासांनी केले. आता पाहा, देश वेगळा, बोली वेगळी, परंपरा वेगळी. तरी ज्याचा शब्द आवडला त्याला आपल्या पवित्र ग्रंथात जागा दिली आणि त्याचे नाव त्याच्याच पदावर राहू दिले. पंजाबात आज कोट्यवधी लोक ज्या ग्रंथापुढे मस्तक टेकवतात, त्यात आपल्या शिंप्याच्या पोराचे शब्द आहेत, ते या नाव राखण्याच्या वृत्तीमुळे. २०१५ साली मराठी साहित्य संमेलन घुमानला भरले, तेव्हा इकडच्या पुष्कळांना हे नव्याने कळले. तिकडच्यांना ते चार शतके ठाऊक होते.

आदिग्रंथाच्या वीस वर्षे आधी इकडे गोदातीरी त्याच जातीचे एक काम झाले होते. ज्ञानेश्वरी लिहिल्याला तोवर २९४ वर्षे लोटली होती. पोथ्या हातानेच उतरत. एकाने दहा ठिकाणी चुकवले, त्यावरून दुसऱ्याने उतरले तेव्हा त्या दहांत आणखी पाचांची भर पडली. एखादा शब्द जुना झाला म्हणून कोणी ओळखीचा घातला. एखाद्या विद्वानाला वाटले, येथे माझी एक ओवी शोभेल, आणि त्याने ती बसवून दिली. नाथमहाराजांनी अनेक प्रती समोर घेतल्या, पाठ ताडून पाहिले आणि शके १५०६ मध्ये, तारण संवत्सरी, शुद्ध प्रत सिद्ध केली. आळंदीस अजानवृक्षाची मुळी माउलींच्या कंठास लागल्याची कथा आपण सर्वांनी ऐकली आहे. भाविकाने ती भावाने ऐकावी. इतिहास शोधणाऱ्यानेही तिच्याकडे नीट पाहावे. कारण ग्रंथाचा पाठ बिघडणे म्हणजे ग्रंथकाराचा गळा आवळणे, हे त्या कथेत जसे सांगितले आहे तसे कोणत्या शास्त्रीय निबंधातही सांगितलेले नाही. ते काम ज्या भाद्रपद वद्य षष्ठीस पुरे झाले, ती तिथी आपण ज्ञानेश्वरी जयंती म्हणून पाळतो. ग्रंथ लिहून झाल्याचा दिवस आपल्याला ठाऊक नाही. वाचकाने तो शुद्ध केल्याचा दिवस मात्र ठाऊक आहे आणि तोच आपण ग्रंथाचा जन्मदिवस मानला! वाचकाचा एवढा मोठा मान दुसरीकडे कुठे झाला असेल असे मला वाटत नाही.

आणि नाथबाबा स्वतः कोण होते? भागवताच्या एकादश स्कंधावर ३१ अध्यायांची टीका लिहिणारे, काशीक्षेत्री ती शके १४९५ मध्ये पूर्ण करणारे प्रतिभावंत. ज्ञानेश्वरीत आपल्या चार ओव्या मिसळल्या असत्या तर कोणाला कळलेही नसते. त्यांनी तसे केले नाही. लिहिले ते ग्रंथाच्या अगदी शेवटी, स्वतःच्या नावाने, वेगळे. पुढे कोणी आपली ओवी यात घालील तर ते कृत्य कसे ठरेल, हे सांगताना त्यांनी करवंटीची उपमा दिली, ती वारकऱ्यांना तोंडपाठ आहे. ज्याच्यापाशी घालण्याजोगे पुष्कळ होते त्याने हात आवरला. आवडीची ही खरी कसोटी मी मानतो.

आता देहूकडे वळू. तुकोबारायांनी आत्मचरित्रपर अभंगात आपल्या अभ्यासाची हकीकत सांगितली आहे. प्रारंभी चित्त लागत नव्हते, मग संतांची वचने आदराने मुखोद्गत केली, असा तिचा भाव आहे. भंडाऱ्याच्या डोंगरावर ज्ञानेश्वरी आणि नाथांचे भागवत यांचे त्यांनी केलेले वाचन महिपतींनी वर्णन केले आहे. म्हणजे गाथेचा कर्ता आधी निष्ठावंत वाचक होता. त्याच माणसाने आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत सोडली, असे चरित्र सांगते. पुढे अभंगांच्या वह्याही त्याच नदीत बुडवाव्या लागल्या आणि तेरा दिवसांनी त्या वर आल्या. त्या वह्या लोकांच्या मुखी, लोकांच्या घरी जिवंत राहिल्या, हेही तितकेच खरे. कडूसचे गंगाजी मवाळ आणि चाकणचे संताजी जगनाडे हे अभंग लिहून ठेवीत. एक ब्राह्मण, एक तेली. संताजींच्या वह्या त्यांच्या घराण्याने पिढ्यान् पिढ्या जपल्या आणि त्यांवरून ठाण्याच्या वि. ल. भावे यांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकाअखेरीस गाथा छापली. तेल्याच्या घाण्याशेजारी ठेवलेले ते बाड अडीचशे वर्षे टिकले, ते कोणाच्या आज्ञेने नव्हे. ते फक्त आवडीने टिकले.

याच काळातली बहिणाबाईंची हकीकत ऐका. कोल्हापुरास जयराम स्वामींच्या कीर्तनात तुकोबारायांचे अभंग त्यांच्या कानी पडले. वय लहान, लग्न झालेले, घर वैदिक ब्राह्मणाचे. तुकोबारायांना पाहिलेलेही नाही. ऐकले ते फक्त शब्द. पण त्या शब्दांनी असे धरले की ध्यास दुसरा राहिला नाही. शूद्राच्या अभंगांचे वेड पतीला मानवले नाही आणि त्याने त्यांना मारले, हे त्यांनीच आत्मचरित्रात लिहून ठेवले आहे. त्यांनी मार सोसला, ध्यास सोडला नाही, आणि पुढे देहूस येऊन तुकोबारायांचे दर्शन घेतले. आवडता कवी कोणता, या प्रश्नाचे उत्तर बहिणाबाईंना पाठीवर वळ घेऊन द्यावे लागले. संप्रदायाच्या इमारतीत पाया कोणाचा आणि कळस कोणाचा, हे सांगणारा जो अभंग घरोघर म्हटला जातो तो त्यांचाच मानतात. तो अभंग म्हणजे एका वाचक बाईने आपल्या आवडत्या ग्रंथकारांना ज्याच्या त्याच्या जागी बसवून केलेला नमस्कार आहे.

यानंतर नाव येते ताहराबादच्या महिपतींचे. १७१५ ते १७९० हा त्यांचा काळ. कुलकर्णीपणाची लेखणी ठेवून त्यांनी संतचरित्रांची लेखणी घेतली. भक्तविजय शके १६८४ मध्ये झाला आणि भक्तलीलामृत शके १६९६ मध्ये. लहानपणी चातुर्मासात आमच्या देवळात भक्तविजय वाचला जाई. वाचता येणारे गावात मोजके. एकाने वाचायचे, बाकीच्यांनी ऐकायचे, आणि दुसऱ्या दिवशी शेतात खुरपताना बाया तीच कथा एकमेकींना सांगायच्या. त्या ग्रंथाची एक गोष्ट मला फार थोर वाटते. महिपती आरंभीच सांगतात की या कथा माझ्या पदरच्या नाहीत; उत्तरेकडे नाभाजींनी ग्रंथ केला, माणदेशी उद्धवचिद्घनांनी केला, त्या दोघांचा आधार मी घेतला. पोथ्यांच्या काळात हे सांगितले नसते तरी कोण विचारणार होते? पण ज्याचे घेतले त्याचे नाव सांगितल्याशिवाय त्यांनी पहिले पाऊल टाकले नाही. उद्धवचिद्घनांचे नाव आज अनेकांना ठाऊक आहे ते महिपतींनी घेतले म्हणून.

एवढे सगळे हाताने झाले. त्यासाठी लागणारे कष्ट आजच्या मुलांना सांगावे लागतात. बोरू तासायचा, काजळाची शाई घोटायची, कागदावर ओळी आखायच्या आणि सुटी पाने एकामागून एक भरायची. लिहून झाले की वरखाली फळ्या घालून पोथी बासनात बांधायची. अभंगांसाठी शिवलेले बाड. पोथीच्या शेवटी लेखक बहुधा विनवणी करी, की तेलापासून, पाण्यापासून, सैल बांधणीपासून हिचे रक्षण करा आणि मूर्खाच्या हाती देऊ नका. वाकून वाकून पाठ आणि मान मोडली, हेही तो लिहून ठेवी. पूर्ण ज्ञानेश्वरी उतरायला महिनोन्महिने जात. एवढे श्रम माणूस नावडत्या ग्रंथासाठी करील का?

मग छापखाना आला. 'दर्पण'कार बाळशास्त्री जांभेकरांनी १८४५ साली ज्ञानेश्वरी शिळाप्रेसवर छापली. तुकोबारायांची गाथा मुंबईच्या इंदुप्रकाश छापखान्यातून १८६९ आणि १८७३ साली दोन भागांत निघाली. संपादक होते विष्णु परशुरामशास्त्री पंडित, देखरेख शंकर पांडुरंग पंडितांची आणि मदत सरकारची. तिच्यासाठी देहू, तळेगाव, कडूस आणि पंढरपूर येथल्या हस्तलिखितांचा आधार घेतला गेला. साडेचार हजारांहून अधिक अभंग त्या गाथेत आहेत. येथे नीट पाहा, सज्जनहो. सरकारने पैसा दिला, शास्त्र्यांनी विद्वत्ता दिली. पण देहूकरांनी, कडूसकरांनी आणि तळेगावच्या त्र्यंबक कासाराने आपापल्या घरी त्या वह्या राखल्या नसत्या, तर छापायचे काय होते?

छापल्याने ग्रंथ स्वस्त झाला, घरोघर गेला. तरी अर्थ कळेना तेव्हा विष्णुबुवा जोग महाराजांनी गाथेचा सार्थ पाठ दिला आणि १९१७ साली आळंदीस वारकरी शिक्षण संस्था उभी केली. त्यांचेच शिष्य प्राचार्य सोनोपंत दांडेकर महाविद्यालयात तत्त्वज्ञान शिकवत आणि देवळात कीर्तन करीत. १९५३ साली त्यांनी सार्थ ज्ञानेश्वरी सिद्ध केली. आज बहुतेक पारायणांत व्यासपीठावर जी प्रत दिसते, तिच्या पाठीशी अशी एकेका वाचकाची जन्माची आवड उभी आहे.

आम्हा कीर्तनकारांचे तरी काम दुसरे काय होते? निरूपणाला अभंग घ्यायचा आणि प्रत्येक विधानाला संतवचनाचे प्रमाण द्यायचे. स्वतःचे मत असेल तर ते संतांच्या मागे उभे राहून सांगायचे. प्रमाण दिले की मागचे टाळकरी ते उचलतात, समोरचा श्रोता पुढचा चरण मनात म्हणतो, आणि क्षणभर सारा मंडप त्या ग्रंथकाराचा होतो. ज्यांच्या पायाशी बसून मी गाथा शिकलो, त्यांचा दंडक होता की अभंग कोणाचा हे ठाऊक नसेल तर तो प्रमाण म्हणून द्यायचा नाही, मग तो कितीही गोड असो. तेव्हा तो जाच वाटे. आज त्याचे मोल कळते.

कारण नामाची मुद्रा हीच आपल्याकडची सही. ती चुकली की सारा हिशेब चुकतो. नामदेवरायांच्या गाथेत विष्णुदास नाम्याचे अभंग मिसळले, ते वेगळे करता करता अभ्यासकांच्या पिढ्या गेल्या. ती गोष्ट जुन्या काळची म्हणावी, तर आज रोज सकाळी मोबाईलवर तुकोबारायांचे चित्र येते आणि त्याखाली एखादी ओळ येते, जी कोणत्याही गाथेत नाही. पाठवणाऱ्याचा भाव वाईट नसतो. त्याला ती आवडलेली असते. परंतु नाथबाबांनी सांगितलेली करवंटी ती हीच. पूर्वी एक चुकीची ओवी दहा पोथ्यांत जायला पन्नास वर्षे लागत. आता एका सकाळी ती दहा हजार घरांत जाते. म्हणून हात जोडून सांगणे आहे, आवडलेले अवश्य पाठवा. त्याआधी गाथा उघडा, तो अभंग तिथे आहे का ते पाहा, आणि त्याचा क्रमांकही लिहा. नसेल, तर पाठवू नका. नाथांनी अनेक पोथ्या ताडल्या. आपल्याला एक ताडणे जड जाऊ नये.

दुसरी गोष्ट याहून निकडीची आहे. आपल्यापैकी अनेकांच्या देवघराच्या फळीवर, माळ्यावर, आजोबांच्या पेटीत लाल बासनात बांधलेली बाडे आहेत. मोडी वाचता येत नाही, बालबोध अक्षरही जुने, पाने कुरतडलेली. घर पाडायचे निघाले, वाटण्या झाल्या, की कोणी म्हणते, देवाचे आहे, टाकायचे कसे? नदीत सोडून द्या. आणि भक्तिभावाने, हळदकुंकू वाहून, ते बाड पाण्यात सोडले जाते. कोणाचे होते, काय होते, कोणी पाहिले? कदाचित एखाद्या अनंतभटाने लिहिलेले असेल, एखाद्या बहिणाबाईने जपलेले असेल.

असे करू नका. बासन सोडा, पाने ऊन न लागेल अशा कोरड्या जागी ठेवा, एकेका पानाचे छायाचित्र घ्या, आणि वाचता येत नसेल तर जाणकाराला दाखवा. पुण्यात १९१० पासून भारत इतिहास संशोधक मंडळ याच कामासाठी उभे आहे. तुमच्या जवळच्या ग्रंथालयात, विद्यापीठात अशी जागा असेल, तिकडे द्या. जगनाड्यांच्या घराने हेच केले आणि गाथेचा एक साक्षीदार वाचला.

तुकोबारायांच्या वह्या इंद्रायणीने तेरा दिवसांनी परत दिल्या. आपण सोडलेली बाडे ती परत देईल, असा भरवसा धरून बसू नये.

पुंडलिक वरदा हरि विठ्ठल.